बनातीतली रिकामी घरं

पेटी उघडल्यावर नजर आधी बंदुकीकडे जायला हवी होती. माझी गेली ती शेजारच्या रिकाम्या जागांकडे.

लाकडी पेटी, आतून हिरवी बनात लावलेली. बंदुकीसोबत कारखान्यातून येते तसली नव्हे, कुणीतरी घरी बसून सवडीनं केलेली. बिजागऱ्या पितळेच्या, कोपरे इतके बेमालूम जुळवलेले की नखही अडकू नये. बनातीखालच्या लाकडात एकेका वस्तूच्या मापाचं घर कोरलं होतं. दोन लांब घरांत बंदुकीचे दोन भाग निजले होते, एकात नळ्या आणि एकात दस्ता. बाकी सगळी घरं रिकामी. तीन गोल घरं एका ओळीत, ती चोकची, म्हणजे नळीच्या तोंडात बसवायच्या नळकांड्यांची. टी आकाराचं एक, चोक काढायच्या चावीचं. एक चौकोनी, त्याच्या तळाशी काळपट डाग, म्हणजे तेलाची बाटली. काडतुसाच्या मापाची दोन, ती नकली काडतुसांची. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून बघायचा तर आतल्या पिनांना आधार म्हणून ती घालतात. आणि एक लांबट, अंड्याच्या आकाराचं, इंचभर खोल. ते कशाचं, मला कळेना.

"बाबांची आहे," ती म्हणाली. "ते गेले त्याला वर्ष झालं. यातलं काय कुठे गेलं ते मला खरंच सांगता येणार नाही, ताई. आहे ते एवढंच आहे."

बंदुकीला हात लावण्याआधी मी कागद मागितले. परवाना, वारसाहक्कानं तिच्या नावावर झालेली नोंद, नोंदीतला क्रमांक. तो क्रमांक मग बॉडीवर आणि नळ्यांवर वाचून ताडून पाहिला. हत्याराच्या व्यवहारात हे पहिलं. एक आकडा जरी जुळला नाही तरी पुढचं काही बघायचं नाही, पेटी मिटायची आणि उठायचं. आकडे जुळले.

बंदूक बेरेटाची, बारा बोअरची, एकावर एक नळी असलेली दुनळी. ओव्हर-अंडर म्हणतात ती. क्ले मारण्यासाठी वापरलेली. क्ले म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाची, शंभरेक ग्रॅम वजनाची ठिसूळ चकती. यंत्रातून सुटते आणि बघता बघता आवाक्याबाहेर जाते. काही वर्षं मी हा खेळ उसन्या बंदुकीवर खेळते आहे. स्वतःची घ्यायची तर चांगल्या हातातली जुनी घ्यायची, हे माझं पक्कं झालं होतं. पण जुनी म्हटलं की ती कधीच सगळ्या सामानानिशी येत नाही. पेटी असते तर चावी नसते, चावी असते तर चोक नसतात. तेव्हा नसलेल्या वस्तूंचं काय करायचं हे ज्याला ठरवता येत नाही, त्यानं जुन्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि मला ते एकदा ठरवता आलेलं नव्हतं.

माझी पहिली बंदूक ऑटो-५ होती. जॉन ब्राउनिंगनं १९०० साली पेटंट घेतलेली, बेल्जियममधल्या हेर्स्टलच्या कारखान्यात बनू लागलेली, चौकोनी कुबडाची अर्धस्वयंचलित बंदूक. तिचं वैशिष्ट्य असं की बार उडाला की काडतुसामागचं दार, म्हणजे बोल्ट, नुसता तेवढाच मागे येत नाही, त्याच्याबरोबर अख्खी नळी मागे येते. एवढ्या वजनाला आवरायला पुढच्या लाकडाखाली एक जाड स्प्रिंग, ब्राँझची एक कडी आणि पोलादाची एक कडी, असा सरंजाम असतो. हलकी काडतुसं मारायची असली तर पोलादी कडी स्प्रिंगच्या मागे, बॉडीला टेकवून ठेवायची. जड काडतुसं असली तर तीच कडी काढून स्प्रिंगच्या पुढे, ब्राँझच्या कडीला भिडवून बसवायची. मग घर्षण वाढतं आणि मागे येणारी नळी वेळेवर सावरली जाते. काय सुंदर विचार आहे! एक कडी, दोन जागा, आणि सगळी बंदूक काडतुसाला जुळवून घेते.

माझ्या बंदुकीत ती पोलादी कडीच नव्हती. मला ती असते हेच ठाऊक नव्हतं. विकणाऱ्यानंही बहुधा कधी पुढचं लाकूड उतरवून पाहिलं नसेल. बंदूक चालत होती, काडतूस भरत होती, रिकामं फेकत होती. खांद्याला जरा जास्त बसतं एवढंच वाटायचं, आणि तसंही मला वाटायचं की जड काडतुसं अशीच बसत असतील. तिसऱ्या महिन्यात पुढच्या लाकडाला केसाएवढी चीर दिसली. चौथ्या महिन्यात ती बोटभर झाली. लाकूड उतरवून जाणत्या माणसाला दाखवलं तेव्हा त्यानं काहीही न बोलता आपल्या बंदुकीतली कडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. अंगठीहून थोडी मोठी, आतल्या बाजूनं उतार दिलेली. ती नसल्यामुळे प्रत्येक जड बाराला माझी नळी मागे येऊन बेफाम आपटत होती.

चीर बुजवली, कडी मिळवली. पण मनात राहिलं ते वेगळंच. ती कडी कधी हरवली असेल? माझ्याआधी किती वर्षं? किती बार? वस्तू हरवते एका दिवशी, ते मला चालतं. हरवल्यानंतरही बंदूक तशीच चालवत राहतात, आणि जी गोष्ट मुळात दोन बोटांत मावणारी असते तिचं न असणं मग लाकडात, पोलादात उतरत जातं. तेव्हापासून मी कुठलीही जुनी बंदूक बघायला गेले की काय हरवलं आहे हे मोजून झाल्यावर एकच गोष्ट शोधते: हे हरवल्यानंतर हिला कुणी, कसं वापरलं?

तेलाची बाटली नाही, नकली काडतुसं नाहीत, पट्टा नाही, पुस्तिका नाही, या गोष्टी त्या अर्थानं मुक्या आहेत. त्यांच्यावाचून बंदुकीचं काही बिघडत नाही. नवीन आणल्या की झालं. जुन्या हातघडणीच्या दुनळीचं पुढचं लाकूड हरवलं असेल तर मात्र मी दुसऱ्यांदा बघणारही नाही, कारण ते लाकूड त्याच एका बंदुकीवर, काजळी लावून, घासून घासून बसवलेलं असतं. दुसरीचं आणून बसत नाही. इंग्लंडमध्ये एकेकाळी जोडीनं बंदुका बनवून घेत, आणि त्यांवर सोन्यानं १ आणि २ असे आकडे जडवत. वाटण्यांत, लिलावांत जोड्या फुटल्या. २ आकडा असलेली एकटी बंदूक मी एकदा हातात घेतली आहे. तिच्यात काहीही उणं नव्हतं. तरी तो आकडा वाचला आणि मला तिची १ नंबरची बहीण कुठे असेल याशिवाय दुसरं काही सुचेना.

पण समोरच्या पेटीत चोक नव्हते, आणि चोक मुके नसतात.

ज्यांनी बंदूक हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्या एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअरचा व्यास; साधारण १८.५ मिलिमीटर. एवढ्या रुंद नळीतून छर्रे बाहेर पडले की फाकत जातात. नळीचं तोंड किंचित आवळलं तर ते उशिरा फाकतात. या आवळण्याला चोक म्हणायचं. १८६६ साली न्यूकॅसलच्या विल्यम पेपनं त्याचं पेटंट घेतलं होतं. आवळणं तरी किती? पूर्ण चोक म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. त्या एका मिलिमीटरनं असं होतं की सुमारे ३६ मीटरवर ठेवलेल्या ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात, जिथे उघड्या नळीतून निम्म्याहून कमी छर्रे लागले असते, तिथे सत्तर टक्के लागतात. पूर्वी हा चोक नळीतच कायमचा असायचा. आता नळीच्या तोंडाशी आतून आटे पाडलेले असतात आणि हव्या त्या आवळणीचं बोटभर लांबीचं नळकांडं त्यात फिरवून बसवायचं.

म्हणजे त्या जागी नळीची भिंत पातळ आहे, तिला आटे आहेत, आणि ते आटे झाकून ठेवायचं काम चोकचं आहे. चोक नसताना बार काढला तर तोंडापाशी उघड्या पडलेल्या आट्यांवर काजळी, वितळलेलं प्लॅस्टिक, छर्ऱ्यांचे ओरखडे हे सगळं जाऊन बसतं. सैल चोक ठेवून बार काढला तर त्याहून वाईट. छर्ऱ्यांचा लोट चोकच्या मागच्या कडेवर अडकतो आणि तिथे नळी फुगू शकते. आणि चोक वर्षानुवर्षं काढलाच नाही तर आट्यांत गंज धरतो आणि दोन पोलादं एकमेकांना सोडत नाहीत. चावी नसणं हे म्हणूनच मला सगळ्यात जास्त खुपत होतं. पेटीतली सर्वांत स्वस्त वस्तू ती. पण जिच्याजवळ चावी नाही अशा बंदुकीचे चोक किती वर्षं कुणी काढले नसतील? किंवा काढले असतील तर कशानं? नाणं घालून, पेचकस घालून, पकडीनं?

आधी चोक सोडून बाकीचं पाहून घेतलं. नळ्यांचा मागचा गाळा रिकामा असल्याची खात्री केली, मग बंदूक जोडली, पुढचं लाकूड उतरवलं, आणि दस्ता धरून हलकेच हलवली. नळ्या आणि बॉडी यांच्यात खुळखुळ असेल तर ती याच वेळी हाताला कळते. लाकूड लावलेलं असलं की ते दोघांना दाबून धरतं आणि दोष लपतो. खुळखुळ नव्हती. बंदूक उघडायचं वरचं पात मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबत होतं. बंदूक झिजत जाते तसं ते हळूहळू डावीकडे सरकतं, म्हणजे हिचं आयुष्य अजून बरंच उरलं होतं.

नळ्या सोडवून बोटाला अडकवून टांगल्या आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. भांडं घेताना आपण त्याला वाजवून बघतो ना, तसंच. दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचं डाख कुठे सुटलं असेल तर आवाज भद्द येतो. हिचा लांबवर गेला. मग खिडकीकडे नळी रोखून आतून पाहिलं. चौकटीच्या कडेची सावली नळीच्या आरशासारख्या भिंतीवर सरळ रेघ होऊन पडते. नळी हळूहळू वर उचलली की ती रेघ पुढे धावते. पोचा असेल तर तिथे रेघ मोडते, फुगवटा असेल तर काळं कडं दिसतं. हे मला कुणी शिकवलं तेव्हा मी अर्धा तास एकाच नळीतून बघत बसले होते, इतकी ती सावली सुरेख असते. वरच्या नळीत रेघ अखंड गेली. खालच्या नळीतही गेली, अगदी चोकच्या कडेपर्यंत. तिथून पुढे चोकच्या आत काय आहे हे चोक काढल्याशिवाय दिसत नाही.

नळ्यांच्या बुडाशी इटलीतल्या गार्दोनेच्या परीक्षागृहाचे छाप होते. तिथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतात आणि मगच छाप मारतात. शेजारच्या छोट्या चौकटीतल्या अक्षरांवरून परीक्षेचं वर्ष काढता येतं. काडतुसाच्या घराची लांबी ७० मिलिमीटर कोरलेली होती. हेही बघून ठेवायचं असतं, कारण लांब काडतूस आखूड घरात सहज शिरतं आणि उडाल्यावर पुढे उलगडायला त्याला जागा राहत नाही.

नळीच्या तोंडाशी चोकच्या काठावर खाचा असतात. बेरेटाच्या चोकांत त्या मोजून आवळण ओळखायची: एक खाच म्हणजे पूर्ण चोक, पाच खाचा म्हणजे जवळजवळ उघडं. अंगठ्याचं नख फिरवलं. वरच्या नळीत एक खाच. खालच्या नळीत तीन. गेलेले चोक म्हणजे दोन, चार आणि पाच खाचांचे. ट्रॅपसाठी, म्हणजे दूर जाणाऱ्या क्लेसाठी, आहेत तेच दोन चालतात. जवळच्या क्लेचा स्कीट खेळायचा तर गेलेल्यांतले चार आणि पाच खाचांचेच लागतात. हे चोक मोबिलचोक पद्धतीचे. बेरेटानं ते खूप वर्षं वापरले आणि बेनेल्लीच्या जुन्या बंदुकांतही तेच बसतात, त्यामुळे नवे मिळायला अडचण नाही. मात्र पद्धत नीट बघून घ्यायची. एकाच कारखान्याच्या नंतरच्या बंदुकांतले आटे वेगळे असतात आणि जवळपास बसणारा चोक हा न बसणाऱ्यापेक्षा धोक्याचा.

खाचांवर नख फिरवताना आणखी एक गोष्ट कळली. त्यांच्या कडा शाबूत होत्या. कुठे पेचकसाचा ओरखडा नाही, पकडीचे दात नाहीत.

मी पुन्हा पेटीकडे वळले आणि या वेळी ती रिकामी घरं नीट बघितली. बनातीला लव असते. वस्तू जिथे नुसती पडून असते तिथे लव दबून चपटी होते, पण शाबूत राहते. जिथे वस्तू रोज काढतात, ठेवतात, तिथे ती कडांशी झिजते. चावीच्या घराच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोटं घालून चावी उचलायची, तिथे लव पार गेली होती. खालचं विणकाम दिसत होतं. दोन खाचांच्या चोकचं घरही तसंच. चार आणि पाच खाचांच्या चोकची घरं जवळजवळ नवी. म्हणजे हा माणूस चोक बदलत होता, सारखा बदलत होता. ट्रॅप जास्त खेळत होता. जवळच्या क्लेच्या नादी फारसा लागला नव्हता. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण त्या क्षणी मला त्यांची बोटं दिसल्यासारखी झाली.

मी माझ्या पिशवीतून उसनी आणलेली चावी काढली. त्याच पद्धतीची मुद्दाम शोधून आणली होती. खालच्या नळीत घातली, खाचांत बसवली आणि मनाची तयारी केली की आता हे हलणार नाही. मग तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, उद्या कारागिराकडे न्यायचं. जोर लावायच्या बेतात होते आणि चोक फिरला. दोन बोटांनी फिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांवर जुन्या ग्रीसचा पिवळट थर होता, आणि त्या थरात आट्यांची प्रत्येक रेघ उमटलेली. नळीचे आटे फडक्यानं पुसले. स्वच्छ, चकचकीत. बसकणीपाशी काळं कडं नाही. वरचाही तसाच निघाला.

"काय झालं?" तिनं विचारलं. मी बराच वेळ काही बोलले नव्हते.

"तुमचे बाबा फार नीटनेटके होते," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "त्याचा त्रास व्हायचा आम्हाला."

आता उरलं होतं खांद्याला लावून बघणं. मी उंचीनं बेताची आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर सर्वसाधारण बंदुकीत ३७ सेंटिमीटरच्या आसपास असतं, आणि तेवढा दस्ता माझ्या काखेत अडकतो. उसन्या बंदुकीवर मी कायम मान पुढे काढून, खांदा मागे ओढून जुळवून घेत आले. म्हणून दस्त्याची लांबी हा माझा जुना दुखरा विषय आहे. डोळे मिटले, बंदूक उचलून खांद्याला लावली, गाल टेकवला आणि डोळे उघडले. नाक आणि अंगठ्याच्या बुडात दोन बोटांचं अंतर. डोळा बरोबर पट्टीच्या मधोमध, पट्टीच्या टोकाला मणी. पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाच वेळा केलं. पाचही वेळा ती जणू माझं माप घेऊन बनवल्यासारखी येऊन बसली.

हे बरं वाटण्याऐवजी मला खटकलं. टेप काढून मोजलं: साडेचौतीस. बंदूक कारखान्यातून अशी येत नाही. टोकाचं रबर पाहिलं. सफाईदार बसवलं होतं, पण रबराच्या कडेला लाकडाचा रंग अर्धा इंचभर किंचित फिका होता, नंतर तेल पाजल्यासारखा. दस्ता कापलेला होता.

दस्ता कापणं हे बंदुकीच्या बाबतीत मागे न फिरणारं काम. चोक आणता येतो, कडी घडवता येते, लाकूड वाढवता येत नाही. जुनी बंदूक बघणाऱ्याच्या यादीत हा मोठा दोष, किमतीवर परिणाम करणारा. त्यातही एक सोय आहे: चांगला कारागीर कापलेली चकती फेकत नाही. पुढे कधी लांबी वाढवायची झाली तर तीच चकती दस्ता आणि रबर यांच्यामध्ये परत बसवतात, आणि ती त्याच लाकडाची असल्यामुळे रेषेला रेषा जुळते, सांधा शोधावा लागतो.

चकती.

मी दस्ता उचलला आणि त्याचं टोक त्या लांबट, अंड्याच्या आकाराच्या घरावर धरलं. एका बाजूला निमुळतं, दुसऱ्या बाजूला रुंद. तंतोतंत. त्या घरातली लव कडांशी झिजलेली नव्हती. तळाशी मात्र दबून कागदासारखी झाली होती. कितीतरी वर्षं तिथे काहीतरी न हलवता ठेवलेलं होतं.

"हा दस्ता कुणासाठी कापला होता?" मी विचारलं.

तिनं आधी मान हलवली, माहीत नाही अशी. मग पुढे झाली आणि दस्त्याला हात लावला. मग हात तसाच ठेवून म्हणाली, "मी सोळा वर्षांची होते. दोन वर्षं जात होते त्यांच्याबरोबर. नंतर सोडलं." थोडं थांबून म्हणाली, "ही तीच आहे? मला वाटलं ती त्यांनी विकली आणि ही नंतरची."

मी तिला विचारलं की बाबा मग इतकी वर्षं आखूड दस्त्यानं कसे मारत होते. ते उंच असतील ना. उंच होते, ती म्हणाली. रबराचा एक जाड मोजा होता, तो ते दस्त्यावर चढवायचे. तोही आता कुठे आहे माहीत नाही.

चकती घरात पडून असताना त्यांनी ती परत का जोडली नाही, हा प्रश्न आम्ही दोघींनीही विचारला नाही.

इतका वेळ मी एका वस्तूबद्दल निर्णय घेत होते, आणि तो झालेला होता. नळ्या निर्दोष, चोक सुटे, आटे स्वच्छ. जे हरवलं होतं ते हरवल्यानंतर बंदूक चुकीची वापरली गेली नव्हती, एवढं मला पुरेसं होतं. आणि जो तिचा सर्वांत मोठा दोष, तो कापलेला दस्ता, त्याच्यामुळे ती माझी होत होती. दुसऱ्या कुणालाही मी सांगितलं असतं की याचे पैसे कमी करून घ्या. मला ते तोंडातून काढवेना. नवे तीन चोक आणि चावी यांची किंमत वजा करायची असं आमचं आधीच ठरलं होतं. दस्त्याबद्दल मी काही मागितलं नाही.

मागितला तो वेळ. तिला म्हणाले, आठ दिवस थांबू. तुम्हाला ती ठेवायची असेल तर ठेवा, मला वाईट वाटणार नाही. (वाटलं असतं, पण तो माझा प्रश्न होता.) बंदूक नीट पुसली, चोक ग्रीस लावून परत बसवले, भाग आपापल्या घरांत ठेवले आणि निघाले.

ते आठ दिवस मी दुसऱ्या दोन बंदुका बघितल्या. एकीचं सगळं सामान जागच्या जागी होतं, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. पाचही चोक, चावी, पुस्तिका, काही उणं नाही. खालच्या नळीतला चोक मात्र हलला नाही. माझी चावी वाकायला आली तरी हलला नाही. चावी वेष्टनातून कधी बाहेरच निघाली नव्हती. मी ती घेतली नाही.

नवव्या दिवशी तिचा फोन आला. "या तुम्ही," म्हणाली. "तुम्ही वापराल. माझ्याकडे ती पेटीतच राहील."

गेले तेव्हा टेबलावर पेटीच्या शेजारी ती चकती होती. गडद अक्रोडाची, इंचभर जाड, वरच्या अंगाला पॉलिश आणि दोन्ही कापांवर करवतीच्या बारीक रेघा. शेवटच्या दिवसांत बाबांच्या टेबलावर होती, ती म्हणाली. कशाची आहे हे न कळताच तिनं ती उचलून आणली होती आणि वर्षभर कागदांवर वजन म्हणून ठेवत होती. मी हातात घेतली. लाकडातली काळी शीर दस्त्यात कुठे जाऊन मिळते हे मला पेटी न उघडताही आठवत होतं.

"ही बंदुकीबरोबर जायला हवी ना?" तिनं विचारलं.

खरं उत्तर हो असंच होतं आणि मी ते दिलं. चकती हा बंदुकीचा भाग आहे. उद्या उंच माणसाच्या हातात ती गेली तर त्याला लागेल. पण मला लागत नाही, मी म्हणाले, आणि माझ्या हयातीत मी ती विकेन असं वाटत नाही.

तिनं चकती स्वतःजवळ ओढली. मग एका कागदावर आपलं नाव आणि फोन नंबर लिहिला, खाली लिहिलं, "दस्त्याचा तुकडा माझ्याकडे आहे. लागला तर मागून घ्यावा." चार घड्या घातल्या.

आता पेटीत तीन नवे चोक आहेत. चावी आहे, तिची दांडी जुन्या चावीपेक्षा थोडी आखूड असावी, कारण घरात मागेपुढे सरकते. तेलाची बाटली त्या काळ्या डागावर बरोबर बसली. आणि अंड्याच्या आकाराच्या घरात ती चिठ्ठी आहे. बंदुकीला तेल लावताना मी ती बाहेर काढून ठेवते, डाग पडू नये म्हणून, आणि काम झालं की परत आत.